किलोचा भाव

खासबागच्या रविवारच्या बाजारात
दस्तगीरसाबच्या ताडपत्रीवर
सायकलच्या चेनी, मिक्सरची भांडी, कुणाच्यातरी कबड्डीचा कप
आणि यांच्या मधोमध मोटारी.
मी उकिडवा बसतो.
एकेकीचा दांडा चिमटीत धरून फिरवतो.
गुळगुळीत फिरली तर ठेवून देतो.
अडखळली, टक टक टक, बोटाला ओढ लागली
तर आत चुंबक आहे.
मग तिच्या दोन वायरी सोलून
एकमेकींना पिळतो
आणि पुन्हा फिरवतो.
जिवंत असेल ती आता हट्टाला पेटते,
काकवीत उलथनं फिरवावं
तसा दांडा जड.

"काय करूलालास बे? घ्यायची तर घे की."
दस्तगीरसाब माझ्याशी मराठीत, शेजारच्या गिऱ्हाइकाशी कन्नडात,
नातवावर दखनीत ओरडतात.
तराजूशी मात्र बोलत नाहीत.

गिऱ्हाईक सौंदत्तीकडचं. विचारतं, "याके?"
"गाळीगे," मी म्हणतो. वाऱ्यासाठी.
आमच्याकडे हा शब्द शिवीच्या शेजारी राहतो.
तो हसतो. त्याच्या गावच्या माळावर म्हणे
शंभर पंखे आहेत, ताडाहून उंच,
आणि घरात दुपारी लाईट नाही.

भाव तांब्यावर ठरतो.
चुंबकाला भाव नाही;
ते तराजूला चिकटतं, वजनात घोळ करतं,
दस्तगीरसाब ते हातोड्याने फोडून बाजूला टाकतात.
म्हणजे मला पाहिजे ते
त्यांच्या हिशेबात पीडा.
हे मी बरेच दिवस कुणाला बोललो नाही.

चुका सांगतो.
पहिली, वडगावच्या बंद पडलेल्या मागाची मोटार.
अकरा किलो. सायकलच्या कॅरिअरवर बांधून
येळ्ळूरपर्यंत चढ ओढत आणली.
फिरव फिरव फिरवली, टॉर्चचा बल्बसुद्धा नाही.
तिच्यात चुंबक नव्हतंच.
सगळा जन्म दुसऱ्याच्या विजेवर काढलेली.
दुसरी, गाडीच्या रेडिएटरची.
तिला मिनिटाला दोन हजार फेरे लागायचे.
एवढा वारा आमच्या गावात
फक्त ग्रामपंचायतीच्या कट्ट्यावर असतो.

तिसरी टिळकवाडीच्या जिममधली,
पट्ट्यावर लोक जागच्या जागी धावायचे, ती.
साडेचारशे रुपये. वायरी पिळल्या
तर दांडा मनगटाला वळू देईना.
मी चेहरा पाडून म्हटलं, "जळलेली दिसते."
खोटं. त्याचं मला अजून थोडं वाटतं.

सहा इंची पाईप चिरून तीन पाती केली,
बोअरच्या जुन्या पाईपवर चढवली,
राजहंसगडाकडे तोंड.
ट्रॅक्टरची उतरती बॅटरी खाली जोडली.
त्या रात्री वारा पडला होता.
चिंचेचं पान हलत नव्हतं
आणि पाती गरगर फिरत होती.
सातेरीकाका घोंगडं घेऊन बाहेर आले.
वर बघितलं, चिंचेकडे बघितलं,
पायातली चप्पल काढून हात जोडले.
मीही बराच वेळ खूश.

सकाळी बॅटरी ठार.
वाऱ्याने मोटार फिरवायची,
इथे बॅटरीने मोटार फिरवून
रात्रभर वाऱ्याला वारा घातला.

खडेबाजारात रेडिओ दुरुस्त करणाऱ्या परशरामने
ड्रॉवर उपसून एक काळी गोळी दिली, दोन पायांची,
एका टोकाला पांढरी रेघ.
"सात रुपये. इकडून जाऊ देतो,
तिकडून परत येऊ देत नाही."
पुढं म्हणाला, "उलटा लावू नको.
उलटा लावला तर काहीच होणार नाही,
आणि तुला वाटंल वाराच नाही."

आता वरांड्यात एक दिवा लागतो.
पिवळट. वाचायला नाही,
पण चपला सापडतात.

दस्तगीरसाबना कुठून कळलं माहीत नाही.
चुंबकाच्या मोटारी आता वेगळ्या मांडतात,
स्वतः वायरी पिळून दाखवतात,
"बघ, कशी हट्ट करती!"
आणि नऊशे सांगतात.

वारा पडला की पाती थांबतात.
सातेरीकाकांना ते पटत नाही.
खाली उभे राहून म्हणतात,
"आधी बरं होतं की रे.
तेव्हा वारा नसला तरी फिरायचं."